छातीवरचा गवा

पाण्याच्या दोन बादल्या घेऊन राजदीप अंगणात आला, बादल्या खाली ठेवल्या आणि ओट्यावर मटकन बसला. हर्षा आत आपल्या गाइडच्या शर्टाला इस्त्री करत होती. तो बाहेरूनच म्हणाला, "बाई, छातीवर गवा उभा राह्यते वो. चाललो का चढते, बसलो का उतरते."

हर्षाचा हात होता तिथंच थांबला. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठं तिनं इस्त्री उचलली.

दुसऱ्या कुणाच्या घरी भावानं असं म्हटलं असतं, तर बहिणीनं त्याला छाती चोळून दिली असती किंवा दवाखान्यात नेलं असतं. पण मोहर्लीतल्या या निमगड्यांच्या घरात शब्द आधी उलटून पाहावे लागत. राजदीप थोरल्या बहिणीला लहानपणापासून बाई म्हणायचा आणि ही बाई त्याचं प्रत्येक वाक्य तांदूळ निवडावा तसं निवडायची. खडा कुठं आहे, आवाज परत आले का, हे ती आधी पाहायची.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी राजदीप व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवरचा सगळ्यात तरणा आणि सगळ्यात तयारीचा गाइड होता. वानर खोकलं की तो जिप्सी थांबवायचा आणि कान देऊन सांगायचा, बिबट आहे की वाघ. नागपूर-हैदराबादचे पाहुणे त्याचं नाव सांगून त्याला मागून घ्यायचे. मग एका हिवाळ्यात वनरक्षकाच्या वायरलेस सेटमधून त्याला स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. आधी तो हसायचा, मग घाबरायला लागला. एका सकाळी पाहुण्यांनी भरलेली जिप्सी तेलिया तलावाकडे वळत असताना तो चालत्या गाडीतून उतरला आणि बांबूच्या रानात शिरला. वाघीण मले बोलावून राह्यली, एवढंच तो म्हणत होता. ड्रायव्हर श्रावणनं मागं धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली, म्हणून तो परत आला. त्याच दिवशी त्याचा बिल्ला गेला.

पुढच्या महिन्यात गावच्या चार जणांनी त्याला बांधून जीपमध्ये घातलं आणि नागपूरच्या मनोरुग्णालयात नेलं. त्याचे पाय हर्षानं धरले होते. तो लाथा झाडत नव्हता, नुसता तिच्याकडे पाहत होता. तिथं तो बरेच महिने राहिला. परत आला तो सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा राजदीप होता. पुढं गोळ्या बदलल्या, नव्या गोळ्या मानवल्या आणि आवाज गेले. गेली आठ-नऊ वर्षं तो गेटजवळच्या जिप्स्या धुवायचा, वेळेवर घरी यायचा, वेळेवर झोपायचा. पण 'नागपूर' हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

वनखात्यानं बायांना गाइड म्हणून घ्यायचं ठरवलं, तेव्हा हर्षानं नाव दिलं. तिचं लग्न मोडून ती माहेरी परतली होती आणि घरात कमावतं कुणी नव्हतं. अंगणात बसून तिला सगळं शिकवलं ते राजदीपनंच. चितळाचा साधा आवाज कोणता आणि भ्यालेला कोणता, सांबर ओरडलं की थांबायचं आणि मोर ओरडला की थांबायचं नाही. ती पास झाली. आपण भावाच्या जागेवर उभ्या आहोत, ही गोष्ट ती विसरली नव्हती. म्हणूनच ती त्याला जपायची. निदान तिला तसं वाटायचं.

आई, बायनाबाई, गेल्यापासून गोळ्यांचं सगळं हर्षाकडे होतं. सुरुवातीला राजदीप गोळी जिभेखाली धरायचा आणि मागं जाऊन थुंकायचा. तेव्हा तिनं युक्ती काढली. गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं, की हातावर खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, चौकातल्या टपरीवर घोटून आणलेला. ती स्वतः आणायची. त्यानंतर गोळी कधी चुकली नाही. जेवणही तो पोटभर जेवायचा, भाताचा ढीग संपला की पुन्हा ताट पुढं करायचा, वर गोड चहा. काटकुळ्या राजदीपचं पोट पुढं आलं, गाल भरले. बायका हर्षाला म्हणायच्या, "भाऊ कसा पोसला वो बाई तुनं!" तिला ते फार गोड लागायचं.

त्या दिवशी ती इस्त्री बाजूला ठेवून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"गवा दिसते का तुले?"

"दिसत नाई. वजन लागते."

"बोलते का काही? नाव घेते का तुयं?"

राजदीपनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली. "नाई. कायच नाई. आता बराबर आहे."

तिला बरं वाटलं, पण खात्री पटली नाही. दोनेक आठवड्यांत तो आणखी चारदा छाती चोळताना दिसला. जबडा दुखतो म्हणाला, तेव्हा तिनं दाढेत लवंग धरायला दिली. एकदा तो हातपंपावरून अर्ध्या वाटेत बादली ठेवून खाली बसलेला तिनं पाहिला. विचारलं, तर म्हणाला, "असाच बसलो." शेवटी तिनं चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. राजदीपला वर्षानुवर्षं त्याच पाहत होत्या, मनाच्या आजारांच्या.

"म्याडम, याले परत भास होऊन राह्यले. छातीवर गवा दिसते म्हणते."

तो 'दिसत नाई' म्हणाला होता. तिनं 'दिसते' म्हटलं. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. तिच्या डोक्यात ते तसंच जमा झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले, रात्रीची गोळी अर्धीनं वाढवली आणि फारच अस्वस्थ झाला तर द्यायला झोपेची छोटी गोळी सांगितली. पुढच्या आठवड्यात घेऊन या, असंही म्हणाल्या.

तो पुढचा आठवडा यायच्या आत एप्रिलमधली ती दुपार आली.

ऊन असं होतं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून सावलीत बसल्या होत्या. राजदीप जिप्स्या धुवायचं काम अर्धवट टाकून घरी आला. हर्षानं ताट वाढलं, त्यानं हात लावला नाही. भात टाकून उठलेला राजदीप तिनं आठ वर्षांत पाहिला नव्हता. तो घरात येरझारा घालायला लागला. उजव्या हाताचा तळवा छातीवर घासत होता आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाई, आज उतरून नाई राह्यला."

"कोण?"

"गवा. आज उतरूनच नाई राह्यला."

असंच झालं होतं तेव्हा. अशाच येरझारा, असाच घाम, मग बांबूचं रान. आणि आता तिची दुपारची फेरी होती. फेरी चुकवली तर गेटवर कारण सांगावं लागणार. राजदीप परत बिगडला, हे गावभर होणार. मग कुणीतरी हळूच म्हणणार, तेच रक्त आहे, हिच्याही भरवशावर पाहुणे कशाला द्यायचे. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. भावाची छाती तेवढी आली नाही.

तिनं झोपेची गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं मुकाट्यानं गिळली, सवयीनं तोंड उघडून दाखवलं. तिनं त्याला आतल्या खोलीत खाटेवर निजवलं, उशाशी पाण्याचा लोटा ठेवला, पंखा लावला.

"झोप राजा. झोपला का सगळं बराबर होते."

"बाई, थांबतं का?"

"येतोच ना मी संध्याकाळी. झोप."

बाहेर पडताना तिनं खोलीचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. रानात शिरला तर काय, या भीतीनं घातली. ती भीती खरी होती, हे ती पुढं स्वतःला अनेकदा सांगणार होती आणि तेवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं.

त्या फेरीत वाघीण दिसली. पाणवठ्याच्या अलीकडं चितळ ओरडलं, हर्षानं हात वर करून श्रावणला गाडी थांबवायला लावली आणि पाहुण्यांना म्हणाली, "चूप बसा, आयका, हे भ्यालेलं आहे." सगळे श्वास रोखून बसले. थोड्या वेळानं वाघीण बांबूतून निघाली, पाण्यात मागचे पाय बुडवून बसली, दोन पिल्लं मागून आली. पाहुणे खूश झाले. परतीच्या वाटेवर त्यांनी तिला कितीतरी प्रश्न विचारले आणि तिनं हसत हसत उत्तरं दिली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तुमचे कान फार तीक्ष्ण आहेत हो. ती लाजली. आत फोन न्यायची परवानगी नव्हती आणि परवानगी असती तरी घरून फोन करणारं कोण होतं?

गेटवर सही करून ती घरी पोचली तेव्हा उजेड होता अजून. आत काही आवाज नव्हता. झोपला आहे, असं वाटून तिला हायसं वाटलं. कडी काढली.

राजदीप खाटेवर नव्हता. खाली, भिंतीला पाठ लावून बसला होता, पाय लांब करून. शर्ट निथळत होता. लोटा कलंडून पाणी त्याच्या मांडीखाली गेलं होतं. डोळे उघडे होते, पण जड. ओठ जांभळट पडले होते.

"आली का, बाई," तो म्हणाला. जीभ लोळत होती.

तिनं त्याचा हात धरला आणि दचकली. एप्रिलच्या त्या खोलीत हात थंड होता, नदीतल्या दगडासारखा थंड आणि ओला. गवा, वजन, जबडा, बादली, हे सगळं तिच्या डोक्यात एका रांगेत उभं राहिलं. ती ओरडतच समोर श्रावणच्या घराकडे धावली, "श्रावणभाऊ! श्रावणभाऊ गा, गाडी आण!"

श्रावणनं प्रश्न विचारले नाहीत. वाघ दाखवून आलेल्या त्याच जिप्सीच्या मागच्या सीटवर त्यानं राजदीपला आडवं घातलं, हर्षानं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी चंद्रपूरकडे सुटली. वाटभर ती त्याच्या छातीवर हात ठेवून होती. आत काहीतरी अडखळत चालत होतं.

शहरातल्या ज्या दवाखान्यात ते आधी पोचले, तिथं अपघात विभागात गर्दी होती. तरुण डॉक्टर थकलेला दिसत होता. हर्षानं घाईघाईत पिशवीतला औषधांचा कागद पुढं केला, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कळावं म्हणून. डॉक्टरनं कागद वाचला, राजदीपच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं. राजदीपनं अर्धंच सांगितलं.

"काय होतंय?"

"गवा..." राजदीप पुटपुटला.

डॉक्टरनं कागद परत दिला. "बरेच वर्षांचा आजार आहे ना यांना? घाबरल्यामुळं होतं असं. घामही येतो. मानसिकचे डॉक्टर सकाळी येतील, त्यांना दाखवा. तोवर इथं बाकावर झोपू द्या. झोप लागली की बरं वाटेल."

झोपला का सगळं बराबर होते. दुपारी तिच्या तोंडून निघालेलं वाक्य डॉक्टरच्या तोंडून शहरी होऊन तिच्याकडे परत आलं होतं. डॉक्टर वळून पुढच्या खाटेकडे गेलाही होता. क्षणभर तिला वाटलं, मोठा शिकलेला माणूस म्हणतो तर खरं असेल. तसं असेल तर दुपारची कडीही चुकीची नव्हती. हे मानून घ्यायला किती सोपं होतं! बाकावर बसायचं, सकाळची वाट पाहायची.

ती उठली आणि डॉक्टरच्या वाटेत उभी राहिली.

"साहेब, तो झोपेत बोलून राह्यला ते गोळीनं. झोपेची गोळी मीनं देल्ली दुपारी. मले वाटलं बिगडला. तो पागलपण करून नाई राह्यला साहेब. पंधरा दिवसांपासून सांगून राह्यला, चाललो का छातीवर वजन येते, बसलो का उतरते. आज उतरलंच नाई. मीनं आयकलं नाई. मीनं त्याले खोलीत कोंडलं आन् कामावर गेली. आता तुमी तरी आयका."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. मागं श्रावण उभा होता. त्यालाही कोंडण्याची गोष्ट आत्ताच कळत होती.

डॉक्टर थांबला. "चाललं की येतं, बसलं की जातं?"

"हो जी."

त्यानं सिस्टरला हाक मारली. राजदीपच्या भिजलेल्या छातीवर गोल चकत्या चिकटवल्या, मशीनमधून कागदाची पट्टी सरकायला लागली. डॉक्टर ती पट्टी हातात घेऊन पाहत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला. मग सगळे धावायला लागले. कुणी हातात सुई घातली, कुणी तोंडात गोळ्या चावायला दिल्या, कुणी नाकाला नळी लावली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, मोठा झटका, आत घ्या, असे शब्द हर्षाच्या कानावरून गेले.

"दुखणं कधीपासून सुरू झालं आज?" डॉक्टरनं विचारलं.

"दुपारपासून."

"दुपारीच का नाही आणलं?" तो बोलून गेला. मग तो पुन्हा पट्टीकडे वळला.

राजदीप जगला. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी हर्षाला बोलावलं. वयस्कर, शांत बोलणारे होते. हृदयाचा एक भाग रक्ताविना मेला आहे, तो परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. लवकर आणलं असतं तर बराच वाचला असता, हे त्यांनी न टाळता सांगितलं. साखर भयंकर वाढलेली होती, कितीतरी दिवसांपासून असावी.

"साखर कधी तपासली होती?"

"त्याले शुगर नाई ना जी."

"तपासली होती का?"

तिनं मान हलवली. कुणीच तपासली नव्हती. कुणालाच वाटलं नव्हतं.

"ज्यांना हा मनाचा मोठा आजार असतो ना," ते म्हणाले, "त्यांना हृदयाचा आजार इतरांपेक्षा जास्त होतो आणि लवकर होतो. लोकांना वाटतं, ही माणसं वेडाच्या भरात स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेतात आणि जातात. पुष्कळशी जातात ती हृदयानं, पन्नाशी-साठीच्या आत. काही गोळ्यांनी भूक वाढते, वजन वाढतं, साखर वाढते. त्यात तंबाखू. आणि छातीत दुखतं म्हणाले तर कुणी खरं धरत नाही."

"गोळ्या बंद करू का?"

"मुळीच नाही. गोळ्या बंद केल्या तर आजार उसळेल आणि तेही हृदयाला वाईटच. गोळी बदलता येते का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारू. तंबाखू खातात का?"

"खर्रा खाते."

"कोण आणून देतं?"

"मी," ती म्हणाली.

झटका मोठा होता. हृदयाच्या रक्तनळीत जाळी बसवायला राजदीपला नागपूरला हलवावं लागणार होतं. तो शब्द सिस्टरनं त्याच्यासमोरच उच्चारला. राजदीपनं दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी दांडी धरली. मशीनवरचे आकडे वर जायला लागले.

"नाई. नागपूर नाई. बाई, मी बराबर आहो. पाह्य, बराबर आहो मी."

"तसं नागपूर नाई रे. छातीचा दवाखाना आहे. दुसरा."

"तुमी तेव्हाबी असंच म्हटलं होतं. फिरायले जाऊ म्हटलं होतं."

खरं होतं. हर्षानंच म्हटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि आदल्या संध्याकाळपासून मनात घोळणारा प्रश्न तिनं विचारला.

"राजू, इतकं दुखून राह्यलं होतं, तं दार काऊन नाई वाजवलं रे? शेजारचे आले असते. ओरडायचं तं खरं."

राजदीपनं दांडी सोडली नाही. तो छताकडे पाहत बोलला. "कडीचा आवाज आयकला मीनं. वाजवलं असतं तं सगळे म्हटले असते, बिगडला. मंग गाडी आली असती, दोर घेऊन. म्हणून चूप बसलो. म्हटलं चूप बसलो तं संध्याकाळी बाई येईन, पाहीन, म्हणन बराबर आहे." मग जरा थांबून म्हणाला, "लई दुखत होतं वो. तोंडात बनेनचा बोळा घातला."

हर्षाला रडू आलं नाही. रडण्याचा हक्कही आपण गमावला आहे, असं काहीतरी तिला वाटलं. आठ-नऊ वर्षं घरात जी शांतता होती, जिच्यासाठी गाव तिला शाबासकी देत होतं, ती कशाची होती हे तिच्यासमोर खाटेवर पडलं होतं. तो बरा होता, हे खरं. पण बरा दिसण्यासाठी तो काय काय गिळत आला होता, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. दिसते का, बोलते का, नाव घेते का, एवढंच ती विचारत आली होती. दुखते का, हे कधीच नाही.

"राजू, मी चुकली," ती म्हणाली. "लई मोठं चुकली."

त्यानं माफ केलं असंही म्हटलं नाही आणि नाही केलं असंही नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बांधून नाई नेणार ना?"

"नाई. मी बाजूलेच बसून राहीन. तू म्हणशील तिथं गाडी थांबवू."

ॲम्ब्युलन्समध्ये ती बसली, पुढं श्रावणही बसला. वरोऱ्याच्या पुढं राजदीपनं खरंच गाडी थांबवायला सांगितली. थांबते का, एवढंच त्याला पाहायचं होतं. डॉक्टर सोबत होते, ते कुरकुरले, पण श्रावणनं ड्रायव्हरला विनवलं आणि गाडी मिनिटभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग राजदीप म्हणाला, "चला आता."

जाळी बसली. तो घरी आला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता आणि गेटच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. जिप्सी धुणं संपलं. पन्नास पावलं चालला की त्याला उभं राहावं लागायचं. आतल्या दाराची कडी हर्षानं खिळ्यांसकट उपटून काढली, तिच्या जागी लाकडात भोकं राहिली.

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे ती त्याला घेऊन गेली, तेव्हा त्याला बाहेर बसवून एकटी आत गेली. फोनवर आपण शब्द कसा बदलला ते तिनं सांगितलं. "तो वजन लागते म्हणे, मीनं दिसते म्हटलं. त्याच्यानं तुमी गोळी वाढवली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही एक शब्द बदललात. मी त्याला बोलावून छातीवर हात ठेवून विचारलं नाही. दर वेळी त्याचं वजन वाढत होतं आणि मी म्हणायचे, तब्येत छान सुधारली. वर्षातून एकदा रक्त तपासायला हवं होतं. ते माझं काम होतं." त्यांनी गोळी बदलली, तीन महिन्यांनी साखर आणि चरबी तपासायची असं ठरवलं. हर्षाला वाटलं होतं, दोघींत वाटून घेतलं तर ओझं निम्मं होईल. तसं झालं नाही. बाईंचं बाईंकडे राहिलं, तिचं तिच्याकडे.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. गावात सगळे तिचं कौतुक करायचे. चंद्रपूरच्या दवाखान्यात हर्षा डॉक्टरसमोर कशी उभी ठाकली, भाऊ कसा ओढून आणला, हे श्रावणनं चार ठिकाणी सांगितलं होतं. कडीची गोष्ट त्यानं कुठंच काढली नव्हती. बौद्ध विहारात पौर्णिमेला बायका जमल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बहीण असावी तं अशी." हर्षा उठून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, गोळी, कडी, खर्रा, सगळं. मग एक म्हणाली, "जाऊ दे बाई, तुले का माहीत होतं." दुसरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना तिला सोडवायचं होतं. तिला सुटायचं नव्हतं. पण त्यातलीच रीता नावाची एक पोर विहाराच्या पायरीवर तिच्या मागं आली आणि तिनं हळूच विचारलं, "माया काकालेबी अशाच गोळ्या आहेत. कोणती कोणती तपासणी कराव लागते?" हर्षा तिच्याबरोबर पायरीवर बसली आणि एकेक सांगत राहिली.

घरात राजदीप अजून कमीच बोलायचा. ती रोज विचारायची, "कुठी दुखते का? पाय सुजले का? दम लागते का?" तो नाही म्हणून मान हलवायचा. ती खरी की सवयीची, हे तिला ओळखता येत नसे. मग ती स्वतः त्याचे पाय दाबून पाहायची, बोटाचा खड्डा उरतो का ते.

श्रावण महिना सरत आला असताना एका सकाळी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. थोडा भात, बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी. त्यानं एक घास खाल्ला. दुसरा घेतला. मग ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं.

"हे का माणसाचं खाणं आहे का? रोज तेच! रोज गवत! मीठ नाई, गोड नाई, खर्रा नाई! मले नाई पायजे! नाई खात मी!"

तो उभा राहून ओरडत होता, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. कोंबड्या भातावर तुटून पडल्या. शेजारच्या दारांत माणसं आली. समोरून श्रावण लुंगी सावरत धावत आला. "का झालं हर्षाबाई? बिगडला का? गाडी काढू?"

हर्षा ओसरीवर उभी होती. राजदीपही थांबला होता. तोंड अर्धं उघडं, डोळे तिच्याकडे. ती काय म्हणते याची तो वाट पाहत होता, हे तिला लख्ख दिसलं.

"नाई गा भाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "वरणात मीठ नाई म्हणून चिडला. चिडनच ना. तुमी जा."

श्रावण घुटमळला आणि परत फिरला. दारांतली माणसं आत गेली. राजदीप धाप लागल्यामुळं ओट्याच्या कडेवर बसला. ती त्याच्याजवळ गेली, पण हात लावला नाही.

"दुखते का?"

"नाई," तो म्हणाला. थोडा दम खाल्ला. "दम लागला. ओरडलो म्हणून." आणि मग अजून रागातच, "लिंबू तरी पीळत जा वो बाई वरणात."

"पिळतो," ती म्हणाली आणि लिंबू आणायला आत गेली.